कॅटेगरीचा कॉलम

नायगावच्या बीडीडी चाळीत कुणाच्या पोराचा ॲडमिशनचा फॉर्म भरायचा असला की पत्ता एकच: अजित मोहिते, दुसरा मजला, जिन्याला लागून. अकरावी असो, डिप्लोमा असो, इंजिनिअरिंग असो. रविवारी सकाळी दहाला चाळीच्या विहारात हा गृहस्थ लॅपटॉप उघडून बसायचा आणि समोर प्लॅस्टिकच्या फायली छातीशी धरून आईबापांची रांग लागायची. जातीचा दाखला, जात पडताळणीची व्हॅलिडिटी, डोमिसाईल, सगळं त्याला तोंडपाठ. कुणी व्हॅलिडिटीशिवाय आलं की भडकायचा. "वर्षभर काय झोपा काढत होतात?" लोक निमूट ऐकून घ्यायचे, कारण अजितदादाने भरलेला फॉर्म आजवर एकदाही परत आला नव्हता.

आणि अशा माणसाने स्वतःच्या पोरीचा फॉर्म चुकीचा भरला होता. नजरचुकीने नाही हो. डोळे उघडे ठेवून, माऊस नीट हातात धरून.

त्याचं झालं असं. अजित वरळीला एका विमा कंपनीच्या ऑफिसात होता, अकरा वर्षं. लागला त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या रमाकांत सरांनी विचारलं होतं, "मोहिते म्हणजे साताऱ्याकडचे का हो? आमच्या मावशीच्या सासरचे मोहितेच." अजित म्हणाला, "नाही, आम्ही रत्नागिरीचे." बस, एवढंच. पुढचं रमाकांत सरांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. आपल्यातलेच दिसतात, असं ते धरून चालले आणि अजितने ते धरू दिलं. राहता कुठे विचारलं तर दादरला. दादरला कुठे, हे कुणी विचारलं नाही, याने सांगितलं नाही. खोटा शब्द एकही बोलला नाही तो. फक्त खरं बोलायचं राहून गेलं, आणि ते अकरा वर्षं राहिलं.

रमाकांत सर माणूस वाईट होता म्हणावं तर तसंही नाही. डब्यातली अर्धी मच्छी अजितच्या ताटात घालणारा. अजितच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा रजेचा अर्ज याच माणसाने साहेबाकडून सही करून आणला होता. फक्त एका विषयावर त्यांची टेप सुरू झाली की थांबायची नाही, आणि यंदा ती रोज सुरू होती, कारण त्यांची मेघना आणि अजितची प्रिती एकाच वर्षी इंजिनिअरिंगच्या रांगेत उभ्या होत्या.

फॉर्म सुरू झाले त्या सोमवारी सर म्हणाले, "मोहिते, कशाला कुठल्या सायबर कॅफेत जाता? इथलं नेट धावतंय. दोघींचे लंचमध्ये उरकून टाकू." आधी मेघनाचा झाला. मग अजितने प्रितीचा उघडला. घरी फोन लावला, तिच्या मोबाईलवर आलेला ओटीपी विचारून घेतला, पानं भरभर पुढे सरकली. सर मागे चहाचा ग्लास घेऊन उभे. "आपल्या पोरींचं काही खरं नाही बघा. आपण पडलो जनरलवाले. नव्याण्णव पाडा नाहीतर शंभर पाडा, हे सरकारचे जावई आधी आत जाणार." अजितच्या तोंडातून निघालं, "हं."

आणि नेमका तेव्हाच कॅटेगरीचा कॉलम समोर आला.

शंभर पोरांचा भरला असेल त्याने तो कॉलम. बोट आपसूक खाली एससीवर जायचं. त्या दिवशी बोट मध्येच अडलं. मानेवर चहाची वाफ लागत होती. कानाच्या पाळ्या तापल्या. घरी जाऊन बदलू, असं मनाशी म्हणत त्याने 'ओपन' दाबलं. सर म्हणाले, "चला, झालं एकदाचं," आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं.

घरी जाऊन बदलू! बदलतो कसला. त्या रात्री लॅपटॉप उघडावा तर समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली खाटेवर बाप भिवा. उद्या करू म्हणाला. उद्याचा परवा झाला. तिसऱ्या दिवशी प्रितीच्या मोबाईलवर मेसेज आला, अर्ज तपासून कन्फर्म झाला, आता बदल करता येणार नाही. "पप्पा, झालं कन्फर्म!" पोरीने उडी मारली. अजितने पाणी मागितलं.

प्रितीला मिळाले होते अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. तिच्या मनात एकच कॉलेज होतं, माटुंग्याचं, आणि एकच ब्रँच, कॉम्प्युटर. एससीमधून तिचं नाव तिथे जवळपास पक्कं होतं. ओपनमधून दाराच्या बाहेरूनसुद्धा नाही. हे चाळीत कुणाला नेमकं ठाऊक असेल तर ते अजितलाच. गेल्या पाच वर्षांचे कटऑफ त्याच्या डोक्यात होते.

त्या व्हॅलिडिटीसाठी तो काय कमी पळाला होता? पुरावा लागतो एकोणीसशे पन्नासच्या आधीचा. गुहागरच्या बाजूला गावच्या शाळेत तीन खेपा घातल्या, तेव्हा कुठे हेडमास्तरांनी वाळवी झटकून एक रजिस्टर काढलं. त्यात सापडला भिवा. इयत्ता पहिली, नावापुढे जात. त्याची नक्कल घरी आणली तेव्हा शहाऐंशी वर्षांचा भिवा तो कागद डोळ्यांजवळ नेऊन हसला होता. "त्या शाळंत मला बसवायचे भायर, पडवीत. पण नाव मातुर आतल्या बुकात लिवलं व्हतं हां. बघ, नातीच्या कामाला आलं का नाय?" तो कागद फाईलमध्येच राहिला. ओपनला कसलाच कागद लागत नाही.

गुरुवारी तात्पुरती मेरिट लिस्ट लागली. अजितने ऑफिसातूनच प्रितीला तिचा नंबर तेवढा कळवला. पान पाठवलं नाही, कारण नंबराच्या पुढेच तो कॉलम होता. लिस्टखाली सूचना होती: दुरुस्तीची शेवटची संधी, शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

संध्याकाळी विहारात गर्दी उसळली. सीताराम म्हणून वरच्या मजल्यावरचा रिक्षावाला, त्याच्या भाचीचा फॉर्म तिने स्वतःच मोबाईलवर भरला होता आणि घाईत ओपन दाबलं होतं. आता आला रडकुंडीला. अजितने तिचा फॉर्म उघडला, दुरुस्तीची विनंती टाकली. भाचीच्या फोनवर मेसेज आला आणि तिने तो मोठ्याने वाचला: "कॅटेगरी बदल, ओपन ते एससी. ओटीपी..." तो आकडा घालता घालता अजित तिच्यावर असा ओरडला की अख्खा विहार वळून बघायला लागला. "डोकं ठिकाणावर आहे का? आपल्या हक्काची जागा अशी सोडून देतात? कुणाच्या बापाची भीक आहे का ती?"

बोलून झालं आणि मान वर केली तर दारात प्रिती. चहाचा थर्मास घेऊन आलेली. ती त्याच्याकडे बघत होती. थर्मास ठेवला आणि गेली. अजितला त्या क्षणी वाटलं की बसल्या जागी जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. लाज वाटणं म्हणजे काय हे माणसाला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नव्याने कळू शकतं.

आता वाट उरली होती एकच. पण ओटीपी जाणार पोरीच्या फोनवर, आणि मेसेजात स्वच्छ लिहिलेलं असणार: ओपन ते एससी. ओपन कुठून आलं, हे ती विचारणार. शुक्रवार असाच गेला. ऑफिसात दोनदा साइट उघडली, दोनदा रमाकांत सर मागून गेले, दोनदा बंद केली. लोक चोरी करताना जसे दचकतात तसा हा पोरीचं भलं करताना दचकत होता.

शनिवारी ऑफिसला सुट्टी. जेवणं झाल्यावर प्रितीची आई म्हणाली, "चल गं, हिंदमाताला जाऊन येऊ. कॉलेजला दोन ड्रेस तरी नवे नकोत?" पोरगी म्हणाली, "आधी लागू तर दे." आई म्हणाली, "लागणारच! पप्पांनी भरलाय फॉर्म." अजितने पेपरात डोकं घातलं. मग एकदम म्हणाला, "प्रिती, फोन चार्जिंगला लावून जा. बॅटरी उतरलीय." शाबास रे बाप! स्वतःच्या पोरीचा मोबाईल पळवायला निघाला.

त्या दोघी जिना उतरल्या तसा त्याने लॅपटॉप उघडला. दुरुस्ती. कॅटेगरी. एससी. जातीचा दाखला जोडला, व्हॅलिडिटी जोडली. आता मेसेज येईल, आकडा घालायचा, मेसेज पुसून टाकायचा, पोरीला कळणारही नाही. फोन थरथरला. पडद्यावर एवढंच दिसलं: 'कॅटेगरी बदल, ओपन ते...' आणि पुढचं उघडायला हवा होता पासवर्ड. त्याने तिची जन्मतारीख टाकली. चूक. आईची टाकली. चूक. चौदा एप्रिल टाकली. तेही चूक. आता फोन म्हणे पाच मिनिटं थांबा.

"काय करतंयस रं पोरीच्या फोनात?" खाटेवरून भिवाने विचारलं.

"काही नाही बाबा."

"कायी न्हाई कसं? घाम बघ किती आलाय." म्हातारा उठून बसला. "तिच्या शाळंचं काय इस्कटलंय का?"

अजितने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. बापाने पुन्हा विचारलं नाही, पण तो झोपलाही नाही. तसाच बघत बसला. त्या म्हाताऱ्या डोळ्यांपुढे अजित चार वाजेपर्यंत तो फोन पुढ्यात ठेवून बसला. सव्वाचार झाले. साडेचार झाले. त्या दोघींचा पत्ता नाही. बायकोचा फोन लावला तर तो घरातच, मिक्सरशेजारी वाजला. पोरीचं अख्खं आयुष्य त्या हिंदमाताच्या कुठल्यातरी दुकानात ड्रेसचे रंग बघत उभं होतं. तो चपला न घालताच खाली धावला. चाळीच्या गेटावर, पाडायला काढलेल्या इमारतीच्या पत्र्यांजवळ, त्या दोघी पिशव्या घेऊन येताना दिसल्या.

"पप्पा, काय झालं? आजोबा...?"

"आजोबा बरे आहेत. तू वर चल. लवकर."

वर आल्यावर त्याने पुन्हा नवा ओटीपी मागवला आणि फोन तिच्या हातात दिला. "मेसेज आला असेल. ओटीपी सांग." आवाज त्याला स्वतःलाच ओळखू येईना.

प्रितीने फोन उघडला, वाचलं. आई विचारत होती, "कसला गं?" भिवा बघत होता. घड्याळात पाचला अठरा मिनिटं कमी होती. अजित म्हणाला, "प्रिती, फॉर्ममध्ये कॅटेगरी मी..."

"माहितीय मला," प्रिती म्हणाली.

"काय?"

"गुरुवारीच बघितली मी लिस्ट. मला पण येतं पप्पा, पीडीएफ उघडता." ती फोनकडेच बघत बोलत होती. "ओपन बघितलं तेव्हा मला कळलं, तुम्हाला वाटलं होतं मी ओपनमधून जाईन. म्हणून तुम्ही तसं भरलंत. तुमचा एवढा विश्वास होता आणि माझे मार्क्सच कमी पडले. तेच सांगायला तुम्हाला जड जातंय ना? मलाच इतकी लाज वाटत होती, म्हणून मी काय बोलले नाही. सॉरी पप्पा."

सॉरी! पोर बापाला सॉरी म्हणत होती.

आता बघा, त्या वेळी या माणसाला एक वाक्य बोलायचं होतं. असं नाही गं, रमाकांत सर मागे उभे होते, मला लाज वाटली. संपलं असतं. तोंड उघडलंही त्याने. पण बायको डोळे पुसत म्हणाली, "बापाचा जीव असतो गं पोरीत," आणि अजितने उघडलेलं तोंड मिटलं. नुसती मान हलवली. हो म्हणून.

"आकडा सांग," तो म्हणाला.

तिने आकडा सांगितला. पाचला अकरा मिनिटं कमी असताना दुरुस्ती झाली. भिवा खाटेवर आडवा झाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर जागा जाहीर व्हायला बारा दिवस लागले. बारा दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. प्रिती रोज उठल्याबरोबर साइट बघायची. आई नवे ड्रेस पिशवीतून काढायची, घडी मोडायची, पुन्हा ठेवायची. भिवा रोज विचारायचा, "लागलं का गो नाव?" चाळीत ज्याला त्याला तेच पडलेलं. अजित जिन्यावरून मान खाली घालून जायचा. लोकांना वाटायचं, पोरीच्या काळजीने. काळजी होतीच, नव्हती असं नाही. पण रात्री प्रिती मध्येच म्हणायची, "अजून एक टक्का पडला असता ना पप्पा, तर तुमच्या मनासारखं झालं असतं." ते ऐकलं की तो उठून गॅलरीत जायचा. सांगून टाकावं, रोज वाटायचं. रोज दिवस मावळायचा.

तेराव्या दिवशी सकाळी नाव लागलं. माटुंगा, कॉम्प्युटर, पहिल्याच फेरीत. आईने किंकाळी फोडली, अख्खा मजला दारात जमला. सीतारामने अजितला उचलूनच घेतलं. प्रिती आईला घेऊन ॲडमिशन घ्यायला गेली आणि अजित ऑफिसला गेला. रजा टाकली नाही. पोरीसोबत त्या काउंटरवर, तो कागद पुढे करताना, उभं राहायचं तोंड नव्हतं त्याला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास ऑफिसचं काचेचं दार ढकलून प्रिती एकटीच आत आली. अंगात हिंदमाताचा नवा निळा ड्रेस, हातात पेढ्यांचा बॉक्स. अकरा वर्षांत घरचं माणूस पहिल्यांदाच इथे येत होतं. "सरप्राइज!" ती म्हणाली. अजित खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच राहिला.

"अरे, ही प्रिती का? ये ये बाळा!" रमाकांत सर पुढे झाले. मनापासून झाले. त्यांच्या मेघनाला नव्या मुंबईत मिळालं होतं, मनासारखं नव्हतं, तरीही माणूस हसत पुढे झाला. "माटुंगा! कॉम्प्युटर! मोहिते, कमाल केली हो पोरीने. आपल्या जनरलमधून तिथे लागायचं म्हणजे खायचं काम नाही. किती गं पर्सेंटाइल?"

"अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन," प्रिती म्हणाली आणि पेढा पुढे केला. "पण जनरलमधून नाही काका. एससीमधून."

इतकं साधं म्हणाली. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं.

सरांचा हात पेढ्यापाशी थांबला. त्यांनी अजितकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, पुन्हा अजितकडे. मग त्यांनी पेढा उचलला, तोंडात टाकला, चावला, गिळला. "अरे वा," ते म्हणाले. "छान छान. अभिनंदन." आणि थोडं थांबून, खालच्या आवाजात, "मोहिते, तुम्ही कधी बोलला नाहीत. मी आपला इतकी वर्षं काय काय बडबडत... त्या दिवशी फॉर्म भरतानासुद्धा मी मागेच उभा होतो की हो."

अजितला वाटलं, बोलू नका, पोरगी ऐकते आहे. पण पोरीने ऐकलं होतं. तिने बॉक्सचं झाकण हळूच लावलं. बापाच्या तोंडाकडे ती बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच, सगळ्यांसमोर, उतरत गेलं. अजितने नजर टेबलावर ठेवली. टेबलावर बघण्यासारखं काही नव्हतं.

साडेपाचला दोघं बसस्टॉपवर उभी राहिली. बस येत नव्हती.

"म्हणजे माझ्या मार्कांचं नव्हतं ते," शेवटी प्रिती म्हणाली.

"नव्हतं."

"काका मागे होते म्हणून."

"हो."

"मी पंधरा दिवस झोपले नाही पप्पा. मला वाटलं, मी तुम्हाला कमी पडले."

अजित म्हणाला, "माझं चुकलं गं." कितीतरी दिवसांनी त्याने पोरीकडे नीट डोळे वर करून पाहायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "मला लाज वाटली. आणि आता त्या लाजेची लाज वाटते. चाळीत कुणाला तोंड दाखवू? विहारात उद्यापासून दुसऱ्या कुणाला तरी बसवा म्हणतो मी. मला अधिकार नाही."

बस आली. गर्दी नव्हती, दोघांना शेजारी जागा मिळाली. प्रितीने बॉक्स मांडीवर घेतला, आतला एक पेढा कागदात गुंडाळून आजोबांसाठी बाजूला ठेवला. नायगाव जवळ येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

"रविवारी बसा तुम्ही," ती म्हणाली. "डिप्लोमाचे फॉर्म सुरू होतायत. तुमच्याएवढं कुणाला येत नाही."

"खरंच बसू?"

"बसा. मी पण बसेन तुमच्या बाजूला." ती उठून दाराकडे निघाली, आणि मागे न बघता म्हणाली, "तुम्ही बाकी सगळं भरा. कॅटेगरीचा कॉलम मी भरेन."

अजित तिच्यामागून उतरला.